बाबांची हार्डडिस्क दुसऱ्या कम्प्युटरात

२०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेला पूर आला तेव्हा आमच्या सांगलीच्या घरात, गावभागात, पाणी शिरणार हे कळल्यावर बाबांनी सगळ्यात आधी कम्प्युटरचा सीपीयू उचलून वर नेला. टीव्ही नाही, फ्रिज नाही, धान्याचे डबेही नाहीत, आधी सीपीयू. आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, खालच्या खोल्यांतलं जवळपास सगळं गेलं, सीपीयू मात्र कोरडा राहिला. नंतर चिखल काढणं, भिंती वाळवणं, पंचनामे या गडबडीत तो माळ्यावर गेला आणि सहा वर्षं तिथंच राहिला.

यंदा घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला तेव्हा तो खाली आला आणि बाबा लगेच म्हणाले, "अगं, त्यात आईच्या ओव्या आहेत, तेवढ्या निघतात का बघ."

आई म्हणजे त्यांची आई, माझी आजी. बाबा जिल्हा परिषदेत होते, मराठी टायपिंगची ४० ची परीक्षा पास झालेले, २००४ ला रिटायर झाले आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून पहिला असेंबल्ड कम्प्युटर घेतला, पेंटियम फोर, ८० जीबीची हार्डडिस्क, विंडोज एक्सपी. मग दोन-तीन वर्षं रोज दुपारी आजीला शेजारी खुर्चीवर बसवून तिच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या आणि टाईप करायच्या, हा त्यांचा उद्योग. आजी २००८ ला गेली. त्या ओव्यांची प्रिंट एकदा काढलेली, ती खालच्या कपाटात होती, म्हणजे पुरात गेली. तेव्हा जे काही उरलं होतं ते त्या एका लोखंडी डबीत होतं, आणि हे सगळं इतकं सविस्तर लिहितेय ते यासाठी की कुणाच्या घरी असा जुना सीपीयू पडून असेल तर त्याला उपयोग व्हावा.

पहिली गोष्ट, मी तो सीपीयू तसाच चालू केला नाही. झाकण उघडून आधी डिस्कच्या दोन्ही केबली काढल्या आणि मग नुसता बोर्ड चालू होतो का ते बघितलं. पंखा एकदा हलला आणि बंद पडला. बोर्डवर बघितलं तर प्रोसेसरच्या बाजूचे कपॅसिटर, ते छोट्या नळकांड्यांसारखे असतात ते, वरून फुगलेले, दोघातिघांच्या डोक्यावर तपकिरी खळ सुकल्यासारखं. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचं हे असंच होतं. म्हणजे कम्प्युटर गेला, पण डिस्कला काही झालंय असं त्यावरून अजिबात म्हणता येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक नेमकी इथंच चूक करतात, कम्प्युटर बंद पडला म्हणून डिस्कसकट भंगारात देतात.

गावातल्या एका दुकानात दाखवली तर ते म्हणाले, ताई एवढ्या जुन्या डिस्कचं काय करताय, फॉर्मॅट मारून चालते का बघतो. मी तिथून डिस्क उचलली आणि निघाले.

चार स्क्रू काढले की डिस्क बाहेर येते. हातात धरताना कडेनं धरायची, खालच्या हिरव्या बोर्डाला बोट लावायचं नाही आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्यायचा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते. पावसाळ्याचे दिवस होते म्हणून मी ती दोन दिवस कोरड्या खोलीत, चपलांच्या खोक्यात ज्या सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या शेजारी ठेवून, तशीच राहू दिली आणि मग टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन पुण्याला आले.

आता खरी अडचण. ही डिस्क आयडीई, म्हणजे बोर्डला जोडायच्या जुन्या पद्धतीची. २००३ च्या सुमारास साटा ही नवी पद्धत आली, पण स्वस्तातल्या असेंबल्ड कम्प्युटरांत पुढंही काही वर्षं आयडीईच असायचं. मागं ४० पिनांचं रुंद सॉकेट, पट्टीसारखी चपटी केबल, आणि पॉवरला चार पिनांचं पांढरं मोलेक्स. माझ्या आताच्या कम्प्युटरच्या बोर्डवर यातलं काहीही नाही, तिथं साटाच्या सात पिनांच्या बारक्या केबली. त्यामुळं तपकीर गल्लीत जाऊन आयडीई आणि साटा दोन्ही चालणारा यूएसबी कन्व्हर्टर आणला, साडेआठशे रुपयांना, त्याच्याबरोबर वेगळा पॉवर अडॅप्टर येतो तो बघूनच घ्या. लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर भागवते पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, ते यूएसबीतून मिळत नाही.

जोडलं, डिस्क फिरायला लागली, आवाज आला, आणि स्क्रीनवर काहीच नाही. परत काढलं, परत लावलं, काहीच नाही. अर्ध्या तासानं लक्षात आलं की जंपर बघितलाच नाही. आयडीईच्या एका केबलला दोन डिस्का लागायच्या म्हणून प्रत्येक डिस्कला मास्टर की स्लेव्ह हे सांगायला मागं एक बारका जंपर असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, दोन पिनांवर बसवलेला. आमचा केबल सिलेक्टवर होता, म्हणजे मास्टर की स्लेव्ह ते केबलवरून ठरणार. कन्व्हर्टरच्या कागदावर लिहिलेलं की डिस्क मास्टर पाहिजे. डिस्कच्या लेबलवरच कुठल्या पिनांवर जंपर म्हणजे मास्टर याचं छोटं चित्र छापलेलं असतं, ते मोबाईलनं फोटो काढून मोठं करून बघितलं, भुवयांच्या चिमट्यानं जंपर काढला, मास्टरवर बसवला, आणि या वेळी आधी अडॅप्टर चालू करून डिस्क पूर्ण वेगात येऊ दिली आणि मग यूएसबी लावली.

बाबांच्या कम्प्युटरवरचे सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसले. सी उघडला. डी वर क्लिक केलं तर विंडोजनं विचारलं की ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करायला पाहिजे, करू का.

ओव्या डी मधे होत्या.

इथं कुणीही असाल, कॅन्सल दाबा. ती खिडकी डेटा नाही असं म्हणत नसते, तिचं म्हणणं एवढंच असतं की पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या त्या भागाची, सुरुवात मला वाचता येत नाहीये. मी कॅन्सल केलं, यूएसबी सुरक्षितपणे काढायचं ते केलं, पॉवर बंद केली आणि त्या दिवशी पुढं काही केलं नाही. "स्कॅन अँड फिक्स" म्हणून जे येतं तेही दाबू नका, त्यातून चालणारं विंडोजचं चेकडिस्क मूळ डिस्कवरच लिहायला लागतं आणि दुखरी डिस्क असेल तर जे वाचता आलं असतं तेही जातं.

दुसऱ्या दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्रॅम लावून डिस्कची तब्येत बघितली. तिथं पिवळं "कॉशन" आलं. त्यात करंट पेंडिंग सेक्टर म्हणून एक ओळ असते, म्हणजे डिस्कला ज्या जागा वाचताना त्रास होतोय आणि अजून निर्णय लागलेला नाही अशा, तिथं शून्य पाहिजे, आमच्याकडं २४ होते. (हा आकडा मुळात सोळाच्या हिशोबात दिसतो, सेटिंगमधे दहाच्या हिशोबात करून घेतला की कळतो.) २४ म्हणजे फार नाही, पण मी तेव्हाच ठरवलं की या डिस्कवरून फाईली एकेक करून कॉपी करायच्या नाहीत. अशा डिस्कला इकडून तिकडं पळवायचं नाही, एकदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत जेवढी वाचते तेवढी वाचून पूर्ण डिस्कची एक इमेज फाईल, म्हणजे एका फाईलीत हुबेहूब नक्कल, करायची आणि मग जे काही करायचं ते इमेजवर.

त्यासाठी विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि त्यातलं डीडीरेस्क्यू, डिस्कची अशी नक्कल काढणारं, वापरलं. साध्या कॉपीपेक्षा त्याचं वेगळेपण म्हणजे ते अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही, तिथं खूण करून पुढं जातं, सोपं सगळं आधी घेतं आणि मग राहिलेल्या जागांकडं परत येतं, आणि हे सगळं एका मॅप फाईलमधे लिहून ठेवतं त्यामुळं मधे लाईट गेली तरी जिथं थांबलं तिथूनच सुरू होतं. माझ्याकडून एक चूक झाली, ज्या एक्स्टर्नल डिस्कवर इमेज घेत होते ती फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची होती, ४ जीबी झाले आणि थांबलं कारण फॅट३२ वर त्यापेक्षा मोठी फाईल मावतच नाही. ती रिकामी करून विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची केली आणि परत सुरुवात.

पहिली फेरी तासाभरात ९९ टक्क्यांच्या पुढं गेली. मग डिस्कचा आवाज बदलला, टक् टक् करून थांबायची, परत फिरायची, आणि स्पीड शून्यावर. मी टेबलफॅन लावून ठेवला डिस्ककडं तोंड करून आणि झोपायचा प्रयत्न केला पण तो आवाज ऐकून झोप येईना, प्रत्येक टक् बरोबर वाटायचं आता बंद पडतेय. रात्री दोनला उठून बघितलं, पहाटे पाचला बघितलं. सकाळी आठला संपलं. ८० जीबीपैकी वाचता न आलेलं एकूण ३१२ केबी.

बाबांना फोन करून सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "पण ती ८० ची डिस्क ७४ च दाखवायची, मग वरचे पाचसहा तेव्हाच गेलेले का?" ते गेलेले नसतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळं ८० चे ७४.५ दिसतात. वीस वर्षं त्यांना वाटत होतं की दुकानदारानं कमी दिलं.

इमेजची लगेच आणखी एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर केली आणि मूळ डिस्क गुंडाळून बाजूला ठेवली. डी ड्राइव्हचं काम आता कॉपीवर करायचं असल्यामुळं भीती राहिली नव्हती. एनटीएफएस पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमधे, बूट सेक्टरमधे, पार्टिशनचा सगळा पत्ता असतो आणि त्याचीच एक नक्कल पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमधे ठेवलेली असते. आमचा पहिला गेलेला, शेवटचा शाबूत होता. टेस्टडिस्क म्हणून फुकट प्रोग्रॅम आहे, त्यानं दोन्ही तपासले, एक बॅड आणि एक ओके असं दाखवलं, बॅकअपवरून परत लिहू का विचारलं, मी हो म्हणलं, आणि डी उघडला. फोटो, बाबांची पेन्शनची पत्रं, माझी बारावीची मार्कशीट स्कॅन केलेली, आणि "आई" नावाचा फोल्डर. त्यात ओव्या १ पासून ओव्या ११ पर्यंत वर्डच्या फाईली.

लिनक्समधून काढल्यामुळं परमिशनची कटकट आली नाही. विंडोजमधे जुन्या डिस्कचं डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाईड येतं, कारण तो फोल्डर जुन्या कम्प्युटरच्या युजरच्या मालकीचा असतो. तिथं प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड मधे जाऊन मालक बदलावा लागतो. ज्यांनी फाईली हिरव्या अक्षरांत दिसतील अशा एन्क्रिप्ट केल्या होत्या त्यांचं मात्र मालक बदलून भागत नाही, जुनी किल्ली लागते. आमच्यात तसलं काही नव्हतं.

ओव्या १ उघडली. पानभर इंग्रजी कॅपिटल अक्षरं, कंस, पौंडाची खूण, डोक्यावर टिंब असलेली अक्षरं, मधेच अधिकचं चिन्ह. एकही मराठी अक्षर नाही.

हे ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत असेल. तेव्हाचं मराठी युनिकोडमधे, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या ठरलेल्या नंबरांत, नसायचं. श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाची वेगळी रीत, फाईलमधे खरं तर इंग्रजीच अक्षरं साठवलेली आणि फाँटमधे त्या जागेवर मराठी आकार काढलेला. फाँट असेल तर मराठी, नसेल तर कचरा. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की जुन्या डिस्कवरून फक्त फाईली काढू नका, सी मधल्या विंडोज फोल्डरच्या आतला फाँट्स फोल्डर पूर्ण उचलून ठेवा. पैसे देऊन डेटा परत मिळवतात, डिस्क फेकून देतात आणि मग वाचता येत नाही असं होतं.

मी फाँट्स फोल्डर घेतलेला, त्यातला बाबांचा फाँट नव्या कम्प्युटरवर टाकला, आणि ते इंग्रजी अक्षरांचं पान माझ्या डोळ्यांसमोर मराठी झालं. ते बघताना मला रडू आलं.

पण पूर्ण नाही. काही ठिकाणी अक्षरं गायब, जिथं "श" पाहिजे तिथं नुसता काना. या फाँटमधे "श" म्हणजे अर्धा श आणि पुढं काना, आणि आमच्या फाईलीत त्या अर्ध्या अक्षराला जो नंबर दिलेला तो आताच्या प्रोग्रॅमांच्या लेखी ओळ तोडायचं न दिसणारं हायफन, त्यामुळं ते दाखवतच नाहीत. जुन्या एक्सपीत जुन्या वर्डमधे हे बरोबर दिसत असणार, म्हणून एक्सपीच चालू करून बघायचं ठरलं.

माझ्या चुलत भावाकडं २००९ चा एक कम्प्युटर होता ज्याच्या बोर्डवर अजून एक आयडीईचं सॉकेट आहे. इमेज दोन ठिकाणी सुरक्षित असल्यामुळं मूळ डिस्क त्यात लावून बघितली. एक्सपीचा लोगो आला, खालची पट्टी दोनदा फिरली आणि निळी स्क्रीन, शेवटी ७बी असलेला एरर, आणि रीस्टार्ट. परत तेच. डिस्क खराब झालीय असं त्यातून समजायचं नाही. डिस्क सांभाळणाऱ्या बोर्डवरच्या चिपला कंट्रोलर म्हणतात, एक्सपीला जुन्या बोर्डच्या आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर पाठ असतो, नव्या बोर्डवर कंट्रोलर वेगळा, मग ज्या डिस्कवरून स्वतः चालू होतंय तीच त्याला दिसेनाशी होते. जुना कम्प्युटर चालू असता तर काढायच्या आधी डिव्हाइस मॅनेजरमधे स्टँडर्ड ड्युअल चॅनल कंट्रोलर करून ठेवता आलं असतं, पण तो तर गेलेला.

शेवटी व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कम्प्युटरच्या आतच दुसरा खोटा कम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम. इमेजची तिसरी कॉपी त्याच्या फॉरमॅटमधे केली आणि बाबांच्या ड्रॉवरमधे एक्सपीची सीडी होती ती लावून रिपेअर इन्स्टॉल केलं. यात एक जागा फार फसवी आहे, सुरुवातीला "आर दाबा" येतं ते रिकव्हरी कन्सोलचं, ते दाबायचं नाही, एंटर दाबायचं, एफ८ नं करार मान्य करायचा, मग जुनं विंडोज सापडलं असं सांगून परत आर विचारतं, तो आर आपला. त्यात ड्रायव्हर नव्यानं बसतात आणि प्रोग्रॅम, फाँट, फाईली जागच्या जागी राहतात. नेट बंदच ठेवलं, एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या ८ एप्रिलला संपलेला आहे. पाऊण तासानं बाबांचा डेस्कटॉप आला, गणपतीचा वॉलपेपर, आणि उजवीकडं "आई" चा शॉर्टकट. सांगलीला व्हिडिओ कॉल लावून स्क्रीन दाखवली. माझी आई म्हणाली, "अहो, बघा तरी." बाबा काही बोलले नाहीत, बराच वेळ चष्मा पुसत होते.

मग तिथून एकेक फाईल बरोबर अक्षरांची पीडीएफ करून घेतली, ती समोर ठेवून युनिकोडमधे आणायचं काम सुरू केलं. कन्व्हर्टर मिळतात पण जसंच्या तसं विश्वासानं घेऊ नका. जुन्या फाँटमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते कारण ती तशी दिसते, युनिकोडमधे ती अक्षरानंतर साठवतात, रफाराचं याच्या बरोबर उलटं, त्यामुळं जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली की गडबड ठरलेली. "दळिते", "सूर्य", "किर्र" असले शब्द हमखास चुकायचे. मी पुण्याहून वाचून दाखवायचे, बाबा तिकडून फोनवर दुरुस्त करायचे, बऱ्याचदा पीडीएफ न बघता.

राहिला प्रश्न त्या ३१२ केबीचा. डीडीरेस्क्यूत एक सोय आहे, न वाचलेल्या जागी आपल्याला पाहिजे तो खुणेचा शब्द भरता येतो, मग तो शब्द कुठल्या फाईलीत सापडतो ते शोधायचं. कॉपीवर ते केलं. बरीचशी जागा रिकामीच होती, दोन फाईली विंडोजच्या स्वतःच्या निघाल्या, आणि एक निघाली ओव्या ७.

ती वर्डमधे उघडेचना. लिबरऑफिसमधे उघडली. पहिली दोन पानं नीट, मग एका ओवीची पहिली ओळ आणि पुढं पानभर तोच खुणेचा शब्द, परत परत. पुरावरची ओवी होती ती.

कृष्णामाई आली दारी, उंबऱ्याशी पाणी बाई

बाबांना ती ओळ वाचून दाखवली. पुढची त्यांना आठवेना, दोनदा तीनदा तीच ओळ म्हणून बघितली तरी पुढं जाईना. "थांब," म्हणाले आणि मिरजेच्या आत्याला कॉलमधे घेतलं. आत्या आता ८१ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, बाबांनी ओरडून पहिली ओळ सांगितली. ती म्हणाली अशी नुसती बोलून नाही येत रे, आणि गायला लागली, आजीच्याच चालीत.

चोळी-बांगडी नेई माझी, लेकरांना राहू देई

मी टाईप करत होते. आत्या तिथं थांबली नाही, त्या पानावरच्या पुढच्या ओव्या म्हणत गेली, आणि बाबा मधे मधे "हां, हां, हीच" म्हणत होते.